'रिग्रेशन' : एका संख्याशास्त्रीय संज्ञेचा अर्थ आणि वैद्यकव्यवसायातील उपयोग

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्या चिकित्सालयात उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना त्यांच्या चालू उपचारांच्या जोडीने मी एक काढा देऊ लागलो होतो. पहिल्या भेटीत ज्यांचा वरचा रक्तदाब १६० किंवा त्याहून अधिक भरला, अशांची एक स्वतंत्र नोंदवही ठेवली. महिन्याने ते पुन्हा आले की दुसरा आकडा पहिल्यासमोर लिहावयाचा, एवढाच क्रम होता. वर्षअखेरीस वही उघडून पाहिली तेव्हा बहुतेक सर्वांचा आकडा उतरलेला दिसला. माझ्या आनंदास पारावार उरला नाही. परिचयाच्या एका औषधनिर्मात्या स्नेह्यांनी तो काढा घनवटीच्या रूपाने बाजारात आणण्याची तयारी दाखविली आणि वैद्यवर्गात वाटावयाच्या माहितीपत्रकाचा मसुदाही तयार झाला.

तो मसुदा घेऊन मी एका जुन्या सहाध्यायाच्या घरी गेलो. त्याच्या पत्नी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवितात. त्यांनी वही शांतपणे चाळली आणि एकच प्रश्न विचारला, "भाऊजी, ज्यांनी काढा घेतला नाही, त्यांचे आकडे कुठे आहेत?"

मी म्हणालो, "वहिनी, ज्यांनी औषधच घेतले नाही, त्यांची नोंद ठेवून काय करावयाचे?"

"तीच नोंद महत्त्वाची," त्या म्हणाल्या. "तुम्ही हे सर्व रुग्ण आकडा चढलेला असताना निवडलेत. चढलेला आकडा उतरणारच. त्यातला तुमच्या काढ्यामुळे किती उतरला, हे या वहीवरून कसे कळणार?"

घरी येऊन जुने केसपेपर काढले. काढ्याची चव न सोसल्याने वा खर्च न परवडल्याने काहींनी तो घेतलाच नव्हता. मात्र अन्य तक्रारींसाठी ते पुढे येत राहिले होते आणि त्यांचाही रक्तदाब मोजला गेला होता. त्यांचेही आकडे उतरलेले होते, आणि ते जवळजवळ तेवढेच. माहितीपत्रक छापले गेले नाही. त्या दिवसापासून ज्या संज्ञेने माझा पिच्छा पुरविला, तिचा परिचय वैद्यबंधू-भगिनींना आणि औषधनिर्मात्यांना करून द्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ती संज्ञा म्हणजे 'रिग्रेशन'.

संज्ञेचा जन्म

'रिग्रेशन' या शब्दाचा सरळ अर्थ मागे जाणे, परतणे असा आहे. आपल्याकडील परिभाषेत त्यासाठी 'समाश्रयण' हा शब्द योजला जातो. एक राशी दुसऱ्या राशीच्या आश्रयाने कशी बदलते, हा भाव त्यात चांगला उतरला आहे. मात्र मूळ शब्दातील 'परतण्याचा' भाव त्यात लोपला आहे. म्हणून या लेखात मूळ शब्दच ठेवला आहे.

हा शब्द संख्याशास्त्रात आणला तो सर फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाने. चार्ल्स डार्विनचा हा नातलग. आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी त्याने १८७५ साली गोड वाटाण्याच्या निरनिराळ्या आकारमानाच्या बिया मित्रांकडून पेरवून घेतल्या. मोठ्या बियांच्या रोपांना आलेल्या बिया सरासरीहून मोठ्या होत्या खऱ्या, परंतु मूळ बियांइतक्या मोठ्या नव्हत्या. लहान बियांची संततीही तितकीशी लहान नव्हती.

पुढे १८८६ साली त्याने मनुष्यांच्या उंचीवरील आपला प्रसिद्ध निबंध सादर केला. त्यात २०५ दांपत्ये आणि त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये यांच्या उंचीची मोजमापे होती. स्त्रियांची उंची १.०८ ने गुणून त्याने ती पुरुषांच्या उंचीशी तुल्य केली आणि आईवडिलांच्या उंचीची सरासरी घेतली. सर्वांची सरासरी सुमारे ६८.२५ इंच होती. त्यास असे आढळले, की आईवडिलांची उंची या सरासरीपासून जितकी दूर, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच अपत्यांची उंची सरासरीपासून दूर असते. उदाहरणार्थ, आईवडिलांची मध्यम उंची ७२ इंच, म्हणजे सरासरीहून ३.७५ इंच अधिक असेल, तर त्यांच्या अपत्यांची अपेक्षित सरासरी २.५ इंच अधिक, म्हणजे ७०.७५ इंच येते. सरासरीकडे होणाऱ्या या परतीस गाल्टनने 'रिग्रेशन' हे नाव दिले.

यावरून असे वाटेल, की पिढ्यानुपिढ्या सर्व माणसे एकाच उंचीची होत जाणार. परंतु तसे होत नाही. गाल्टनने तेच कोष्टक उलट दिशेनेही वाचले. ७२ इंच उंचीची अपत्ये निवडून त्यांच्या आईवडिलांकडे पाहिले, तर त्यांची मध्यम उंची ७२ भरत नाही. ती सरासरीच्या अधिक जवळ, सुमारे ६९.५ इंच येते. म्हणजे ही 'परत' काळाच्या पुढच्या दिशेस दिसते तशीच मागच्या दिशेसही दिसते. अपत्यांच्या उंचीमुळे आईवडिलांची उंची बदलणे शक्य नाही. तेव्हा हे कोणतेही नैसर्गिक बल नव्हे. टोकाची निवड केल्यामुळे दिसणारे ते संख्यांचे स्वाभाविक वर्तन आहे. ही गोष्ट ज्यास नीट उमगली, त्यास या विषयाचे मर्म उमगले.

स्थायी अंश आणि आगंतुक अंश

असे का घडते? कोणतेही मोजमाप घ्या, त्यात दोन अंश मिसळलेले असतात. एक त्या व्यक्तीचा स्थायी अंश. दुसरा त्या दिवसाचा, त्या क्षणाचा आगंतुक अंश. रक्तदाबाच्या आकड्यात रुग्णाची नेहमीची स्थिती असते, तशीच जिना चढून आल्याची धाप, रात्रीचे जागरण, चिकित्सालयातील भीती आणि यंत्राची व मोजणाऱ्याची चूकही असते. आगंतुक अंश कधी आकडा वाढवितो, कधी घटवितो.

आता १६० च्या वर आकडा असणारे रुग्ण आपण वेगळे काढले, तर त्यात दोन प्रकारचे लोक येतात. काहींचा स्थायी अंशच मोठा असतो. काहींचा स्थायी अंश बेताचा असून त्या दिवशी आगंतुक अंशाने आकडा वर ढकललेला असतो. दुसऱ्या भेटीत स्थायी अंश तसाच राहतो, परंतु आगंतुक अंश पुन्हा तेवढाच आणि त्याच दिशेने यावा, याची शाश्वती नसते. परिणामी गटाची सरासरी खाली येते. औषध दिले तरी येते, न दिले तरी येते.

हे किती प्रमाणात घडेल, याचे गणित सोपे आहे. समजा, एखाद्या समूहात वरच्या रक्तदाबाची सरासरी १३० आहे, एका महिन्याच्या अंतराने घेतलेल्या दोन मोजमापांतील सहसंबंध ०.७ आहे आणि दोन्ही वेळचा विस्तार सारखाच आहे. ज्यांचा पहिला आकडा १६०, ते सरासरीहून ३० ने वर आहेत. दुसऱ्या वेळी ते सरासरीहून ३० गुणिले ०.७, म्हणजे २१ ने वर असतील. अपेक्षित सरासरी १५१. काहीही न करता ९ अंकांची घट झाली. सहसंबंध पूर्ण, म्हणजे १ असेल, तर परत मुळीच होत नाही. तो जितका कमी, तितकी परत मोठी.

हेच गणित खालच्या टोकास लावून पाहावे. ज्यांचा पहिला आकडा १००, त्यांचा दुसऱ्या वेळी अपेक्षित आकडा १०९ येतो. म्हणजे एकच निरुपयोगी गोळी उच्च रक्तदाबाच्या गटास दिली तर रक्तदाब उतरविणारी ठरेल, आणि निम्न रक्तदाबाच्या गटास दिली तर चढविणारी ठरेल. 'वाढलेले कमी करते, कमी झालेले वाढविते, समत्व आणते' असा दावा आपल्या व्यवसायात वारंवार ऐकू येतो. धातुसाम्य हे आपल्या चिकित्सेचे ध्येयच असल्याने तो आपणांस चटकन पटतोही. एखाद्या द्रव्याचे असे उभयविध कर्म असू शकेल. ते मी नाकारीत नाही. परंतु दोन्ही टोकांकडून मध्याकडे येणारे आकडे हे रिग्रेशनचेही नेमके लक्षण आहे. म्हणून असा दावा समोर आला की तुलनेचा गट कोठे आहे, हे प्रथम पाहावे.

'ज्यांचा आजार अधिक तीव्र, त्यांना गुण अधिक' हे विधानही याच जातीचे आहे. सरासरीपासून जो अधिक दूर, तो अधिक अंतर परततो. यात औषधाचे कर्तृत्व असेलच असे नाही.

संज्ञेचा आजचा व्यापक अर्थ

गाल्टननंतर कार्ल पिअर्सन, उडनी यूल आदी संख्याशास्त्रज्ञांनी ही कल्पना विस्तारली. लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ साली प्रसिद्ध केलेली 'लघुतम वर्ग' पद्धती तिच्याशी जोडली गेली आणि आज 'रिग्रेशन' ही संज्ञा एका मोठ्या गणिती कुटुंबाची झाली आहे. एका राशीच्या मूल्यावरून दुसऱ्या राशीची अपेक्षित सरासरी सांगणारे समीकरण, असा तिचा आजचा अर्थ आहे. परतण्याचा मूळ अर्थ मागे पडला, नाव मात्र राहिले.

औषधनिर्मात्यांस या समीकरणाचा रोजचा उपयोग आहे, तो औषधाची सवीर्यता किती काळ टिकते हे ठरविण्यासाठी. शार्ङ्गधरसंहितेत चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर हीन होऊ लागते, गुटिका व अवलेह वर्षभर टिकतात, आसव मात्र जुने होईल तसे गुणवत्तर होते, असा विचार आला आहे. म्हणजे काळानुसार वीर्य बदलते आणि प्रत्येक कल्पाचा बदलण्याचा वेग व दिशा वेगळी असते, हे आपल्या पूर्वसूरींनी जाणले होते. आज हाच वेग आपण रेषेने मांडतो.

समजा, एखाद्या चूर्णातील कार्यकारी घटक आरंभी २.५ टक्के आहे आणि दर तीन महिन्यांनी तपासणी केली. आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर टक्के मांडून बिंदूंमधून लघुतम वर्ग पद्धतीने रेषा काढली. तिचा उतार दरमहा ०.०२ टक्के घट असा आला आणि किमान स्वीकार्य प्रमाण २ टक्के असेल, तर रेषा पंचविसाव्या महिन्यास ती मर्यादा गाठते. मात्र म्हणून वेष्टनावर पंचवीस महिने छापणे योग्य नव्हे. रेषा स्वतःच अंदाज आहे. तिच्या दोन्ही बाजूंस अनिश्चिततेचा पट्टा असतो. त्या पट्ट्याची खालची कड जेथे मर्यादेस छेदते, तो काळ सुरक्षित मानावा. तो नेहमी पंचवीस महिन्यांहून कमी येतो. तपासण्या जितक्या थोड्या, तितका पट्टा रुंद आणि अवधी आखूड. अधिक तपासण्यांचा खर्च असा वसूल होतो.

या रेषेच्या तीन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ती समूहाची सरासरी सांगते. समोरच्या एका रुग्णाचे वा एका डब्याचे भविष्य नव्हे. दुसरी, ज्या कक्षेत मोजमापे घेतली तेथपर्यंतच ती विश्वसनीय आहे. बारा महिन्यांच्या तपासणीवरून पाच वर्षांचे भाकीत करू नये. तिसरी, दोन राशी एका रेषेत चालतात एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

मैत्रेयाची शंका

हा सर्व विचार पाश्चात्त्य आहे, आपल्या शास्त्रास त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्यांनी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहावा, महाचतुष्पाद अध्याय पुन्हा उघडून पाहावा. तेथे मैत्रेय आत्रेयांपुढे एक रोखठोक शंका मांडतो. उत्तम वैद्य, औषध, परिचारक हे सर्व लाभूनही काही रुग्ण बरे होतात, काही मरतात. यातले काहीही न लाभता देखील काही बरे होतात, काही मरतात. मग चिकित्सा करणे आणि न करणे यांत भेद तो कोणता?

आत्रेयांनी ही शंका उद्धटपणाची म्हणून झिडकारली नाही. चिकित्सेवाचून बरा होणारा रुग्ण असतो, हे त्यांनी नाकारलेही नाही. पडलेला माणूस स्वतःच्या बळाने उठू शकत असला, तरी दुसऱ्याने हात दिल्यास तो अधिक लवकर आणि विनासायास उठतो, या दृष्टान्ताने त्यांनी उत्तर दिले. आधुनिक भाषेत सांगावयाचे तर, प्रश्न 'रुग्ण बरा झाला काय' हा नव्हे. 'चिकित्सेवाचून झाला असता त्यापेक्षा अधिक बरा झाला काय' हा आहे. मैत्रेयाने तुलनेचा गट मागितला आणि आत्रेयांनी ती मागणी रास्त मानली, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

आपल्या निदानपद्धतीतही व्याधीचे चढउतार गृहीत आहेत. विषमज्वराचा वेग येतो आणि ओसरतो. तमकश्वासाचे, आमवाताचे, अर्शाचे रुग्ण वेगकाळातच आपल्या दारी येतात. वेग शिखरावर असताना दिलेले औषध आणि त्यानंतर ओसरलेला वेग यांचा संबंध लावणे मनुष्यस्वभावास अनुसरूनच आहे. पण तो संबंध सिद्ध करण्यास युक्ती हवी. युक्तीस स्वतंत्र प्रमाणाचे स्थान देणाऱ्या चरकाच्या अनुयायांनी तरी तिचा आळस करू नये.

तुलनेचा गट काय करतो?

रिग्रेशन टाळता येत नाही, पण ते दोन्ही पारड्यांत समान घालता येते. रुग्णांची निवड झाल्यावर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक रीतीने दोन गट केले, तर टोकाकडून परतणे दोन्ही गटांत सारखेच घडते. मग दोन गटांत जो फरक उरतो, तो उपचाराचा.

ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४८ साली प्रसिद्ध केलेली क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी याचा आदर्श मानली जाते. तिची संख्याशास्त्रीय आखणी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांची. १०७ रुग्णांपैकी ५५ जणांस औषध व विश्रांती आणि ५२ जणांस केवळ विश्रांती मिळाली. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४, तर दुसऱ्यात १४ मृत्यू झाले. क्ष-किरण चित्रात लक्षणीय सुधारणा पहिल्या गटात २८ जणांत आढळली. औषध न मिळालेल्या गटातही ती ४ जणांत आढळली. ते ४ जण एखाद्या वैद्याच्या नोंदवहीत असते, तर त्यांनी घेतलेल्या कोणत्याही काढ्यास यश मिळाले असते.

आपल्या शास्त्राचे उदाहरण पुण्याचे आहे. अश्वगंधा, शल्लकी, शुंठी व हरिद्रा यांच्या संयुक्त कल्पाची जानुसंधिगत वातावरील चाचणी तेथील संधिविकार केंद्राने केली व ती २००४ साली प्रसिद्ध झाली. ९० रुग्ण, ३२ आठवडे आणि तुलनेस प्लासिबो, अशी तिची रचना होती. प्लासिबो घेणाऱ्यांच्या वेदनाही कमी झाल्या. परंतु औषध घेणाऱ्यांच्या त्याहून लक्षणीय प्रमाणात कमी झाल्या. या चाचणीचे मोल दुसऱ्या वाक्यात आहे; पण पहिले वाक्य नसते तर दुसऱ्यास अर्थच उरला नसता.

येथे प्लासिबोविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. १९५५ साली हेन्री बीचर यांनी सुमारे ३५ टक्के रुग्णांस प्लासिबोनेच समाधान मिळते असे मांडले आणि तो आकडा सर्वतोमुखी झाला. पुढे संशोधकांनी दाखवून दिले, की या सुधारणेचा मोठा भाग व्याधीचा स्वाभाविक क्रम आणि रिग्रेशन यांचा असू शकतो. २००१ साली दोन डॅनिश संशोधकांनी प्लासिबो आणि उपचाराचा पूर्ण अभाव यांची तुलना करणाऱ्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा वेदनेसारख्या रुग्णाने स्वतः सांगावयाच्या लक्षणांतील अल्प लाभ सोडता प्लासिबोचा मोठा प्रभाव त्यांस आढळला नाही. 'मनाचा परिणाम' म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, तो पुष्कळदा संख्यांचा परिणाम असतो.

औषधनिर्मात्यांच्या दारात

हे केवळ चिकित्सालयापुरते नाही. कच्च्या वनौषधींचे दहा पुरवठादारांकडून नमुने मागविले, प्रत्येकाची एकदाच तपासणी केली आणि ज्याचा घटक सर्वांत अधिक भरला त्यास वर्षाची मागणी दिली, असे समजा. पुढील खेपेस त्याचा माल पहिल्याइतका उतरत नाही. 'नमुना चांगला दाखविला आणि माल हलका दिला' असा आरोप होतो, व्यवहार तुटतात. क्वचित तो आरोप खराही असेल. पण दहांतील सर्वोच्च आकड्यात तपासणीची अनुकूल चूकही मिसळलेली असते; ती पुन्हा येईल असे नाही. निर्णयापूर्वी त्या मालाची दोन-तीनदा स्वतंत्र तपासणी करावी. सर्वांत हलका ठरलेल्यासही दुसरी संधी द्यावी. त्याच्या वाट्यास कदाचित प्रतिकूल चूकच आली असेल.

विक्रीचेही तसेच. सर्वांत मंद महिन्यानंतर जाहिरात केली आणि पुढील महिन्यात विक्री वाढली, तर श्रेय जाहिरातीस देण्यापूर्वी मागील वर्षांत जाहिरातीवाचून मंद महिन्यांनंतर काय घडले होते, ते खतावणीत पाहावे.

आणि दाव्यांविषयी. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या व्याधींवरील उपचारांची लोकांसाठी जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहेच. पण वैद्यवर्गात वाटावयाच्या पत्रकातही 'इतक्या रुग्णांत गुण आला' एवढेच छापणे पुरेसे नाही. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री २००७ पासून आपल्या देशात उपलब्ध आहे. चाचणी आरंभीच तेथे नोंदविली, तर पुढे कोणी बोट दाखविण्यास जागा उरत नाही.

आपण काय करू शकतो?

प्रत्येक वैद्याने मोठ्या चाचण्या कराव्यात, अशी अपेक्षा नाही. पण पुढील गोष्टी कोणत्याही चिकित्सालयात शक्य आहेत.

१. एका मोजमापावर निदान वा औषधाची परीक्षा करू नये. वरील उदाहरणात एकाऐवजी दोन मोजमापांची सरासरी १६० आलेले रुग्ण घेतले, तर निव्वळ परतीची घट ९ वरून सुमारे ५ वर येते. तीन घेतली तर ४ च्या आत.

२. निवडीसाठी घेतलेले मोजमाप 'उपचारापूर्वीचे मोजमाप' म्हणून वापरू नये. निवड झाल्यावर दुसऱ्या दिवशी नव्याने मोजून तेथून आरंभ करावा.

३. ज्यांनी औषध घेतले नाही वा मध्येच सोडले, त्यांचीही नोंद त्याच वहीत ठेवावी. हा परिपूर्ण तुलनागट नव्हे. कारण औषध न घेणारे अन्य बाबतींतही वेगळे असू शकतात. तरीही काहीच नसण्यापेक्षा तो बरा.

४. उत्तम गुण आलेले निवडक रुग्ण प्रसिद्ध करण्याऐवजी ओळीने आलेले सर्व रुग्ण मांडावेत.

५. रुग्णाची साखर वाढली म्हणून अपथ्याबद्दल रागावलो आणि पुढच्या वेळी ती उतरली, तर रागावण्याचा गुण आला असे समजू नये. टव्हर्स्की व काहनमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली वैमानिकांच्या प्रशिक्षकांविषयी हेच दाखविले. उत्तम उतरणीनंतर प्रशंसा केली की पुढची उतरण बिघडते आणि वाईट उतरणीनंतर खडसावले की सुधारते, म्हणून खडसावणेच हितकर, असे त्या प्रशिक्षकांचे मत झाले होते. दोन्ही वेळा घडत होती ती केवळ सरासरीकडे परत.

समारोप

एक गोष्ट सांगून लेख आवरतो. माझ्या त्या नोंदवहीत एका निवृत्त शिक्षकांचे नाव आहे. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणत असू. पहिल्या महिन्यात त्यांचा आकडा बराच उतरला, तेव्हा मी मोठ्या विश्वासाने त्यांना म्हणालो होतो, "गुरुजी, काढा लागू पडला." गोळ्या थांबवा असे मी म्हटले नव्हते. पण माझ्या स्वरातील खात्री त्यांनी ऐकली आणि घरी जाऊन पूर्वीच्या गोळ्या स्वतःच बंद केल्या. आठ महिन्यांनी त्यांचे चिरंजीव त्यांना घेऊन आले, तेव्हा उजव्या हातातील बळ गेलेले होते आणि बोलणे जड झाले होते. मी त्यांना तातडीने रुग्णालयात पाठविले. पुढे ते बऱ्यापैकी सावरले, पण फळ्यावरचे ते वळणदार अक्षर पुन्हा उमटले नाही.

गोळ्या सुरू असत्या तर पक्षाघात झालाच नसता, असे मी म्हणू शकत नाही. एका रुग्णावरून कार्यकारणभाव ठरत नाही, हेच तर या लेखात सांगत आलो आहे. पण माझी ती खात्री एका आकड्यावर उभी होती, आणि तो आकडा माझ्या काढ्याने उतरला की आपोआप परतला, हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक नाही, हेही ठाऊक नव्हते.

आयुर्वेदाची औषधे गुणकारी आहेत, या श्रद्धेनेच मी हा व्यवसाय करतो. ज्या औषधात खरोखर गुण आहे, तो तुलनेच्या गटासमोर उभा राहिल्याने नाहीसा होत नाही. पुण्याच्या चाचणीत तो झाला नाही. नाहीसा होतो तो केवळ आपला भ्रम. आजही तो काढा मी काही रुग्णांस देतो. पण देताना 'गोळ्या चालू ठेवा' हे वाक्य उच्चारतो, केसपेपरवर लिहितो आणि घरच्या माणसासही ऐकवितो. नोंदवहीत आता एक रकाना वाढला आहे : 'औषध न घेतलेले'. सुज्ञ वैद्यबंधूंनी आपल्या वहीतही तो आखावा, एवढीच विनंती.